लाइट गेली की काय उरतं? टिफ्रॅक, परम आणि माझा खाडीवरचा डबा

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि नेटवर्क नाही म्हणून वाचत बसलेल्यांनाही. हा भाग मालवणात घरी रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत मधेमधे कौलांवरचा पाऊस ऐकू येतो. ट्रान्स्क्रिप्टमध्ये तेवढा त्रास नाही.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. कारण ती फजिती झाली नसती, तर हा इतिहास मी वाचायलाच गेलो नसतो.

२०२१ साल. वर्क फ्रॉम होम म्हणून मी पुण्यातलं भाड्याचं घर सोडून गावी आलेलो. दिवसभर ऑफिसचं काम, संध्याकाळी रिकामपण. कोळंबच्या खाडीला लागून आमच्या काकांचा मांगर आहे. तिथे एका खांबाला मी अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. तो दर ५ मिनिटांनी पाण्यावर आवाज सोडायचा, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजायचा आणि त्यावरून पाणी किती वर आलंय ते निघायचं. नोंद वायफायवरून घरी लॅपटॉपवर.

तुम्ही म्हणाल, भरती-ओहोटी तर कॅलेंडरात छापलेली असते, मग हे कशाला? बरोबर आहे. पण कॅलेंडरात चंद्र-सूर्याचं गणित असतं. वाऱ्याने किती पाणी खाडीत ढकललं, ते तिथे छापलेलं नसतं. आणि होडी कुठवर ओढून ठेवायची ते ठरतं त्या जास्तीच्या पाण्यावर. काकांना मी हेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

१६ मे २०२१. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर गेलं. आधी नेटवर्क गेलं, मग लाइट गेली. डब्यातली बॅटरी काही तास टिकली. त्या काही तासांत डब्याने इमानेइतबारे नोंदी घेतल्या आणि पाठवायला नेटवर्क नाही म्हणून रॅममध्ये रांगेत लावून ठेवल्या. मग बॅटरी संपली. आमच्याकडे पाच दिवस लाइट नव्हती. सहाव्या दिवशी डबा चालू केला, तर रांग रिकामी. ज्या एका दिवसासाठी हा सगळा खटाटोप केला होता, नेमका तोच दिवस गायब.

काकांनी एकच वाक्य टाकलं, "लाइट गेली की तुझो डबो सगळा इसरता, मगे तेचो उपयोग काय?"

बीटेक केलेल्या माणसाला याचं उत्तर देता येऊ नये, ही लाजच की. रॅम लाइटीवर जगते, हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो. पण शिकणं वेगळं आणि बोर्ड डिझाइन करताना आठवणं वेगळं. मग मी ठरवलं की दुसरा बोर्ड नीट करायचा: चिप विचार करून घ्यायची, मेमरी विचार करून घ्यायची. आणि विचार करायचा तर आपल्याकडे हा विचार आधी कोणी केला होता, ते बघू म्हटलं.

पहिलं नाव सापडलं ते टिफ्रॅक.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे मुंबईतली टीआयएफआर. होमी भाभांची संस्था. १९५४ साली आर. नरसिंहन अमेरिकेतून गणितात पीएचडी करून इथे आले, आणि त्यांच्याकडे काम आलं ते कॉम्प्युटर बांधण्याचं. बांधण्याचं म्हणजे अक्षरशः बांधण्याचं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने साधारण त्याच काळात ब्रिटनहून एचईसी-२एम नावाचं यंत्र विकत आणलं होतं. मुंबईवाल्यांनी ठरवलं की आपण स्वतः करायचं. टीममधल्या जवळजवळ कोणीच त्याआधी कॉम्प्युटर वापरलेला नव्हता. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र केलं, ते १९५६ मध्ये चालू झालं. मग मोठं यंत्र, ते १९६० च्या फेब्रुवारीत रीतसर कामाला लागलं. १९६२ मध्ये संस्थेच्या कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं.

यंत्र केवढं? लोखंडी सांगाडा १८ फूट लांब, ८ फूट उंच, अडीच फूट रुंद. लांबीला आमच्याकडच्या लहान होडीएवढा. आत सुमारे २,७०० व्हॉल्व्ह (आजोबांच्या रेडिओत लाल व्हायचे तसले), १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर.

आता मेमरी. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात भारी निर्णय इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मेमरीसाठी बाजारात काय काय होतं? एक, पाऱ्याची नळी. एका टोकाला आवाजाचा ठोका द्यायचा, तो पाऱ्यातून सरकत दुसऱ्या टोकाला पोचला की पकडून पुन्हा पहिल्या टोकाला सोडायचा. म्हणजे माहिती सतत फिरत ठेवायची; फिरणं थांबलं की माहिती संपली. दोन, टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारखी ट्यूब, तिच्या पडद्यावर विजेचे ठिपके ठेवायचे. ते काही क्षणांत विरतात, त्यामुळे सारखे पुन्हा काढायचे. तीन, फिरतं चुंबकीय पिंप. हे लाइट गेली तरी विसरत नाही, पण हवी ती जागा फिरून समोर येईपर्यंत वाट बघत बसायचं. कोलकात्याच्या यंत्रात हेच पिंप होतं.

आणि चौथा पर्याय अगदी ताजा: फेराइट कोअर. १९५३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रात तो बसला. म्हणजे नरसिंहन मुंबईत आले तेव्हा त्याला जेमतेम वर्ष झालेलं. मुंबईच्या टीमने हा घेतला.

फेराइट कोअर म्हणजे काय? मासे पकडायचं जाळं डोळ्यांसमोर आणा. आडवे धागे, उभे धागे, जिथे दोन धागे एकमेकांना ओलांडतात तिथे गाठ. आता धाग्यांऐवजी तांब्याच्या तारा घ्या आणि गाठीच्या जागी फेराइटचं चिमुकलं वळं, तीळाएवढं. प्रत्येक वळ्यातून एक आडवी आणि एक उभी तार जाते. आडव्या तारेत अर्धा करंट सोडा, उभीत अर्धा. फक्त जिथे दोन्ही भेटतात त्या एकाच वळ्याला पुरेसा जोर लागतो आणि त्याचं चुंबकत्व या बाजूचं त्या बाजूला फिरतं. एक बाजू म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. बाकीच्या वळ्यांना अर्धाच जोर मिळतो, ती जागची हलत नाहीत. आणि चुंबकत्व आहे म्हटल्यावर लाइट गेली तरी ते जिथे होतं तिथेच राहतं.

एक गंमत आहे. वळ्यात काय आहे ते वाचायचं कसं? तर त्याला शून्य करून बघायचं. ते फिरलं तर आत एक होता. तिसऱ्या तारेत बारीकसा धक्का येतो. नाही फिरलं तर आधीच शून्य होता. म्हणजे वाचलं की माहिती पुसली जाते, आणि लगेच परत लिहावी लागते. दर वेळी.

टिफ्रॅकमध्ये अशी २,०४८ शब्दांची मेमरी होती, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करा: ८१,९२० बिट. एका बिटाला एक वळं, म्हणजे ८१,९२० वळी. आजच्या हिशोबात बरोबर १० केबी. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

माझ्या डब्याच्या भाषेत सांगतो. माझी एक नोंद १२ बाइटची, दिवसाला २८८ नोंदी, म्हणजे ३,४५६ बाइट. टिफ्रॅकची अख्खी मेमरी दिली असती, तर तीन दिवसांच्या भरती-ओहोटीलाही ती किंचित कमी पडली असती.

तरी तो निर्णय भारी का म्हणतो? कारण यंत्रातलं बाकी सगळं लवकर जुनं झालं. टिफ्रॅक चालू झालं तेव्हा जग व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टरकडे निघालं होतं. १९६४ मध्ये टीआयएफआरनेच सीडीसी-३६०० हे अमेरिकन यंत्र आणलं आणि टिफ्रॅकचं काम संपत आलं. पण त्या नव्या यंत्रात मेमरी कुठली होती? फेराइट कोअरच! सिलिकॉनच्या चिपने तिला हटवलं ते थेट १९७० नंतर. व्हॉल्व्हवर लावलेला डाव चार-पाच वर्षांत गेला, मेमरीवर लावलेला पुढची पंधरा वर्षं चालला.

हे वाचून मी माझ्या बोर्डाकडे आलो.

पहिला विचार होता अर्डुइनोवर असते ती एटीमेगा-३२८ चिप. तिच्या आत १ केबीची ईईप्रॉम असते, लाइट गेली तरी टिकणारी. झालं की काम! पण डेटाशीट वाचली. एका जागी १ लाख वेळा लिहिण्याची खात्री देतात. मी 'शेवटची नोंद कुठे आहे' हा आकडा दर वेळी एकाच जागी लिहिणार होतो. १ लाख भागिले २८८, म्हणजे ३४७ दिवस. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर खात्री संपली. शिवाय ईईप्रॉमला एक बाइट लिहायला काही मिलिसेकंद लागतात आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली तर अर्धवट लिहिलं जातं. आमच्याकडे जूनमध्ये लाइट कशी जाते ते कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको. जाते, येते, परत जाते.

मग घेतली एफरॅम. ३२ केबीची, आठ पायांची छोटीशी चिप. त्याच मापाच्या ईईप्रॉमपेक्षा बरीच महाग, पण तिच्याच जागी बसते. लिहायला थांबावं लागत नाही आणि लिहिण्याची मर्यादा इतकी मोठी की माझ्या नातवंडांपर्यंत चिंता नाही. ३२ केबी म्हणजे साधारण साडेनऊ दिवसांच्या नोंदी. तौक्तेचे पाच दिवस त्यात आरामात बसतात. अर्थात बॅटरीही मोठी घेतली, नाहीतर नोंदी घेणार कोण?

आणि आत बघितलं तर काय! नावात 'फेरो' असलं तरी यात लोखंड नाही, चुंबकही नाही. एका विशिष्ट पदार्थाचं विजेचं ध्रुवीकरण या बाजूचं त्या बाजूला फिरवतात. पण वाचायची रीत तीच: फिरवून बघायचं, मग परत लिहायचं. टिफ्रॅकमध्ये हे सर्किटने करावं लागायचं, माझ्या चिपमध्ये ते आतल्या आत होतं. खरं सांगतो, हे लक्षात आलं तेव्हा रात्री एकटाच हसत बसलो होतो.

मेमरी झाली. आता चिप. आणि इथून आपण मुंबईहून पुण्याला जातो.

१९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी सुपरकॉम्प्युटर हवा होता. मागितला होता क्रे एक्स-एमपी-२४. अमेरिकेने बऱ्याच वाटाघाटींनंतर त्याच्या खालचा एक्स-एमपी-१४ दिला, तोही कशासाठी वापरायचा याच्या अटी घालून. भीती अशी की ही मंडळी त्यावर हवामानाऐवजी अणुबॉम्बचं गणित करतील. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. प्रमुख विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं, बजेट साधारण ३० कोटी.

यापुढची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमेरिकेला सणसणीत चपराक' या नावाने फिरते. त्यातल्या काही मेसेजमध्ये तर भारताने चिपही स्वतः बनवली असं लिहिलेलं असतं. नाही बनवली. चिप ब्रिटिश होती. आणि मला विचाराल तर त्याने गोष्ट छोटी होत नाही, उलट जास्त कामाची होते, कारण बाजारात मिळणाऱ्या चिपमधून निवड करणं हेच तर तुम्ही-आम्ही करतो.

क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर मिळणार नव्हता. मग दुसरा मार्ग म्हणजे लहान लहान खूप प्रोसेसर एकत्र कामाला लावायचे. कल्पना नवीन नव्हती. अमेरिकेत कॅलटेकने १९८३ मध्येच ६४ इंटेल ८०८६ जोडून असं यंत्र केलं होतं. प्रश्न असा की जोडायचं कशाने? साधे प्रोसेसर घेतले तर त्यांना एकमेकांशी बोलायला मधे चिपांचं रान उभं करावं लागतं.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात इनमॉस नावाची कंपनी होती, १९७८ मध्ये सरकारी पैशांवर सुरू झालेली. तिने एक विचित्र चिप काढली होती, ट्रान्सप्युटर. १९८७ चं टी-८०० मॉडेल बघा. ३२ बिटांचा प्रोसेसर, दशांश गणिताचं युनिट आतच (तेव्हा ते बहुतेक वेळा वेगळी चिप म्हणून घ्यावं लागायचं), ४ केबी मेमरी आत, बाहेरची डीरॅम जोडायची सोयही आत. आणि खरी मेख म्हणजे चार लिंक. प्रत्येक लिंकवरून सेकंदाला २ कोटी बिट. एकाच्या लिंकमधून तार काढा, दुसऱ्याच्या लिंकमध्ये घाला, दोघं बोलायला लागले. मधे काही नाही. चार दिशांना चार शेजारी, वाडीतल्या घरांसारखे.

एकट्या टी-८०० चा वेग बेताचा होता, सेकंदाला साधारण १५ लाख दशांश गणितं. क्रेपुढे काहीच नाही. सी-डॅकने वेगासाठी हिला घेतलंच नव्हतं. चारही बाजूंना हात असलेली, थोड्या जोडचिपांत चालणारी आणि भारताला विकत मिळणारी, म्हणून घेतली. १९९० मध्ये नमुना यंत्र झुरिकच्या सुपरकॉम्प्युटिंग प्रदर्शनात दाखवलं आणि १९९१ मध्ये ६४ नोडचा परम ८००० आला. मुदत पाळली. सरकारी प्रोजेक्टने!

पण गोष्ट इथे संपवली तर मी पण व्हॉट्सअ‍ॅपच.

इनमॉसचं पुढे काय झालं? कंपनी आधी थॉर्न ईएमआयला विकली गेली, मग १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनला. पुढची चिप टी-९००० १९९१ मध्ये जाहीर झाली, लांबत गेली आणि जे सांगितलं होतं ते तिच्याकडून कधीच झालं नाही. तोवर इंटेल, सन वगैरेंचे प्रोसेसर वेगात कितीतरी पुढे निघून गेले. म्हणजे पुण्यात यंत्र उभं राहतंय आणि ज्या चिपवर ते उभंय ती चिप मागे पडतेय, अशी अवस्था. तुमच्या बोर्डातली मुख्य चिप बंद पडणार असं कळलं, तर पोटात काय होईल, विचार करा.

सी-डॅकने काय केलं? १९९२ च्या सुमाराला परम ८६००. प्रत्येक नोडवर गणिताला इंटेलचा आय-८६०, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार ट्रान्सप्युटर. ज्याला जे चांगलं जमतं ते त्याला दिलं. मग १९९४ मध्ये परम ९०००, त्यात सनचे सुपरस्पार्क. १९९८ मध्ये परम १००००, अल्ट्रास्पार्कवर. सात वर्षांत मुख्य चिप तीनदा बदलली.

आणि हे जमलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे परास. परास हे परमवरचं प्रोग्रामिंगचं वातावरण, सी-डॅकचं स्वतःचं. ८००० आणि ८६०० दोन्हींवर तेच होतं, त्यामुळे एकावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेता यायचा. चिप ब्रिस्टलची, नंतर इंटेलची, पण शास्त्रज्ञ ज्या गोष्टीशी बोलत होता ती पुण्याची. चपराकवाल्या मेसेजमध्ये परासचं नाव मी अजून वाचलेलं नाही.

हे मला वेळेवर कळलं असतं तर बरं झालं असतं. २०२१ मध्ये दुसऱ्या बोर्डासाठी मी एसटीएम-३२ ठरवली होती. चांगलीच चिप आहे. पण त्या वर्षी जगभर चिपांचा दुष्काळ होता. गाड्यांचे कारखाने चिपांवाचून थांबले, तिथे माझी पाच नगांची ऑर्डर कोण विचारतो? चूक माझीच. सगळा कोड त्या एका चिपच्या रजिस्टरांना चिकटवून लिहिला होता, दुसऱ्या चिपचा विचारच नव्हता. बोर्ड छापून आलेले, त्यावर बसवायला चिप नाही. त्याच जानेवारीत आलेली आरपी-२०४० मिळत होती. २६४ केबी रॅम, पण आत फ्लॅश नाही. प्रोग्रॅमसाठी फ्लॅशची चिप बाहेर लावावी लागते. बोर्ड नवा काढला आणि कोडही जवळजवळ पहिल्यापासून. या वेळी सेन्सर वाचणं, नोंद साठवणं, नोंद पाठवणं हे सगळं वेगळं ठेवलं. चिपशी बोलणारा भाग आता दीडशे ओळींचा आहे. उद्या आरपी-२०४० मिळाली नाही, तर तेवढ्याच ओळी बदलायच्या.

जाता जाता एक. इनमॉस विकत घेणाऱ्या एसजीएस-थॉमसनने १९९८ मध्ये नाव बदललं. नवं नाव एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स. एसटीएम-३२ मधलं एसटी ते हेच.

मागच्या आठवड्यात डबा परत मांगरात लावला. काका आले, बघितलं, आणि काही न विचारता बॅटरीची वायर उपटली. दहा मिनिटं बिडी ओढली, मग परत लावली. मी लॅपटॉपवर नोंदी काढल्या. वायर उपटेपर्यंतच्या सगळ्या जागच्या जागी! काका पुढे वाकून बारीक डोळ्यांनी स्क्रीन वाचत होते.

"पाणी बरोबर सांगता," ते म्हणाले, "पण हो डबो आज १ जानेवारी म्हणता तो?"

आरपी-२०४० मधलं घड्याळ लाइट गेली की शून्यावर जातं. डीएस-३२३१ घड्याळ आणि त्याचा बटण सेल मागवलाय. पुढचा भाग घड्याळांवर.